पंपाला किती घालायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बेळगावजवळच्या एका बाजाराच्या गावात पत्रलेखकाच्या वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. तो सत्तावीस वर्षांचा, बी.एस्सी. ॲग्री झालेला. शिक्षण संपल्यापासून दुकानातच बसतो. घरची भाषा मराठी. गिऱ्हाइकांत खानापूर भागातले भातवाले, चंदगडकडचे ऊसवाले आणि बैलहोंगल-कित्तूरकडचे कन्नड बोलणारे शेतकरी, असे सगळे. त्याची तक्रार अशी, की तो सगळ्यांना सारखं, नीट, शास्त्रशुद्ध सांगतो. लोक मान डोलावतात आणि मग वडिलांकडे जाऊन तेच पुन्हा विचारतात. वडील, ज्यांना घरात अण्णा म्हणतात, माणूस बघून बोलतात. एकाला आधी पावसापाण्याचं विचारतील, दुसऱ्याला खुर्ची देऊन कन्नडमधून चौकशी करतील, घाईतल्याच्या हातात दोन शब्दांत बाटली ठेवतील. अनोळखी माणसाला फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते नेमकं सांगतील, जुन्या भाजीवाल्याला मात्र 'उद्या तोडलंस तरी चालतंय' म्हणतील. मुलाला हा सगळाच दुटप्पीपणा वाटतो. अण्णा म्हणतात, 'गिऱ्हाईक बघून बोलायला शिक.' त्यातच एका कन्नड आजोबांची मिरची दुकानातून नेलेल्या औषधाच्या फवारणीनं जळली. 'मी तर बरोबरच सांगितलं होतं,' असं तो लिहितो. त्या दिवसापासून आजोबा येताना दिसले की तो गोदामात जातो. मित्र म्हणतात, दुकानात कन्नड बोलायचंच कशाला. कंपनीचे साहेब आले की इंग्रजीपुढे त्याचं तोंड बंद होतं. आणि येत्या मेळाव्यात त्याला दोन्ही भाषांच्या शेतकऱ्यांपुढे बोलायचं आहे. तो विचारतो: माणसागणिक बदलायचं, तर मग मी खरा कोण?

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाकडे येते, पण आधी मिरचीचं बोलू. मला ती गोष्ट तुमच्या बाकी सगळ्या प्रश्नांहून मोठी वाटते.

तुम्ही आजोबांना सांगितलंत, 'एकराला १०० मिली, २०० लिटर पाण्यातून.' लेबलप्रमाणे अगदी बरोबर. आता आजोबांकडे बघा. त्यांची मिरची दहा गुंठे. घरात २०० लिटरचं बॅरल नाही, पाठीवरचा १५ लिटरचा पंप आहे. तुमचं वाक्य त्यांच्या शेतापर्यंत न्यायचं तर त्यांनी आधी एकराचे चाळीस गुंठे करून त्यातले दहा काढायचे, मग २०० लिटरचे पंप करायचे, आणि मग औषध त्या पंपांत वाटायचं. एकराला साधारण तेरा पंप होतात, एका पंपाला साडेसात मिली येतं. दहा गुंठ्यांना ५० लिटर पाणी, म्हणजे तीन पंप आणि वर थोडं. सगळं मिळून औषध २५ मिली. काउंटरवर हे गणित करायला तुम्हाला अर्धा मिनिटही लागला नसता. तुम्ही ते आजोबांवर सोपवलंत, तेही गर्दीत, तुमच्या अडखळत्या कन्नडमधून. त्यांच्या कानात एकच आकडा राहिला, शंभर. हातातली बाटलीही शंभराची. त्यांनी ती एका पंपात ओतली आणि मिरचीवर तेरापट औषध पडलं.

तुम्ही खोटं बोलला नाहीत, निष्काळजीही नव्हता. पण तुम्ही ज्या प्रश्नाचं उत्तर दिलंत तो त्यांचा प्रश्न नव्हता. खानापूरकडचा शेतकरी तुमच्याकडून सगळं ऐकून अण्णांकडे वळतो तेव्हा काय म्हणतो, ते तुम्हीच लिहिलंय: 'पोरगा सांगालाय ते बरोबर हाय, खरं पंपाला किती घालायचं ते सांगा की.' तुम्हाला ते वाक्य अपमानासारखं लागलं. मला त्यात तुमच्या अर्ध्या पत्राचं उत्तर दिसतं. तो माणूस तुमच्या ज्ञानावर शंका घेत नाही, त्याला लागणारं माप मागतोय. अण्णा ते माप देतात, म्हणून तो अण्णांकडे जातो.

आता तुमचा मूळ आक्षेप, अण्णांच्या दुटप्पीपणाचा. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करू.

खानापूरच्या माणसाला आधी पावसाचं विचारणं यात मला लबाडी दिसत नाही. त्या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो. फवारणी केल्यावर दोन तासांत सर आली तर औषध धुऊन जातं. 'तुमच्याकडं पाऊस काय म्हणतोय?' हा अण्णांचा प्रश्न तुम्हाला गप्पा वाटला, पण औषध द्यायचं की चार दिवस थांबायला सांगायचं, हे त्यांना त्या उत्तरातूनच कळत असणार. पुढच्या वेळी तो संवाद लक्ष देऊन ऐका. वयस्क माणसाला खुर्ची देणं, बस सुटायची आहे त्याला थोडक्यात सांगणं, कन्नड माणसाशी कन्नड बोलणं, हेही तसंच. समोरचा कुठून आलाय, त्याला किती वेळ आहे, तो काय आधीच जाणतो, हे बघून अण्णा सांगण्याची रीत बदलतात. हे त्यांच्याकडून शिका. कॉलेजात हे शिकवत नाहीत, आणि अण्णा ते किती वर्षांच्या उठबशीतून शिकले असतील याचा अंदाज तुम्हालाच जास्त असेल.

'उद्या तोडलंस तरी चालतंय' हे मात्र वेगळं आहे, आणि तिथं तुमचं खटकणं शंभर टक्के बरोबर आहे. फवारणीनंतर पीक तोडण्याआधी किती दिवस थांबायचं, हा आकडा पिकागणिक लेबलवर किंवा बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. जुनं गिऱ्हाईक आहे म्हणून तो कमी होत नाही. ती वांगी, तो कोबी उद्या बेळगावच्या बाजारात येतो आणि कुणाच्या तरी पोराच्या ताटात जातो. इथं अण्णांनी रीत बदलली नाही, माहिती बदलली.

फरक ओळखायची खूण सांगते. ती दोन्ही गिऱ्हाइकं एकाच वेळी काउंटरला उभी आहेत असं समजा. एकाला मराठीत सांगितलं, दुसऱ्याला कन्नडमध्ये. एकाला पाच मिनिटं दिली, दुसऱ्याला एक. दोघांनी एकमेकांना विचारलं, 'तुला काय सांगितलं?' औषध, माप, दिवस, किंमत हे दोघांचं जुळलं तर तुम्ही खरे आहात, मग आवाज, शब्द, क्रम कितीही वेगळा असो. जुळलं नाही, तर दोघांशी एकाच शुद्ध भाषेत, एकाच आवाजात बोललात तरी उपयोग नाही. 'मी खरा कोण' याचं माझं उत्तर हे एवढंच. आईशी, वर्गमित्राशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी तुम्ही आजही वेगवेगळं बोलता, आणि त्या तिन्ही ठिकाणी तुम्हीच असता.

हे शेतीच्या औषधांच्या दुकानापुरतं नाही. पतसंस्थेत काउंटरवर बसणाऱ्यांनी व्याज दरमहा सांगितलं की दरसाल, मेडिकलमध्ये 'दिवसातून दोनदा' म्हणजे जेवणाआधी की नंतर, अंगणवाडीत आलेल्या सुनेला सांगायचं की तिच्या सासूला, या सगळ्यांना हीच ताळमेळाची पट्टी लावता येईल.

आता कन्नडकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, की कन्नड तुम्ही मैदानावर, क्रिकेट खेळताना शिकलात. म्हणजे तुमच्या तोंडी मित्राला म्हणायचं एकेरी कन्नड बसलंय. आजोबांना तुम्ही 'निंगेन बेकु?' म्हणजे 'तुला काय हवं?' असं विचारलं असणार, 'निमगेन बेक्री?' म्हणजे 'तुम्हाला काय हवं?' असं नव्हे. सत्तरीच्या माणसाला काउंटरमागच्या पोरानं अरे-तुरे केलं तर मराठी आजोबांना कसं लागेल ते मनात आणून बघा. तुम्ही मात्र समजलात, की तुम्ही मराठी आहात म्हणून आजोबा तोंड वाकडं करतायत. सीमाभागात आपली ही सवयच झाली आहे. समोरचा नाराज दिसला की आधी भाषेच्या वादाचा संशय येतो, आणि साधा मान द्यायचा राहिला असेल, हे सुचत नाही.

उपाय सोपा आहे. दुकानात कन्नड बोलताना वय न बघता सगळ्यांना मानाचा 'री' लावा. सुरुवातीलाच 'कूडरी' म्हणून बसवा, आणि 'नन्न कन्नड तप्पादर हेळ्री,' म्हणजे माझं कन्नड चुकलं तर सांगा, हे एक वाक्य पाठ करून ठेवा. हे ऐकून चिडणारा माणूस बैलहोंगल तालुक्यात तुम्हाला सापडणार नाही. उलट तो तुमचं वाक्य दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करता करता तुम्ही काय सांगताय ते नीट ऐकेल. आकडे मात्र कन्नडमधून पक्के करा. बाकी बोलणं मोडकं चालेल, आकडा मोडका चालत नाही.

मित्र म्हणतात, कन्नड कशाला. यावर गप्प बसून मी पुढे जाणार नाही, कारण हा प्रश्न आपल्या भागात खरा आहे आणि त्यामागचं दुखणंही खरं आहे. १९५६ पासून आपल्या तीन-चार पिढ्या या प्रश्नात गेल्या. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठीतून शिकलेली आपली माणसं कन्नडमधला जमिनीचा उतारा हातात पडला की शेजारच्या पोराकडून वाचून घेतात. म्हणून तर आपण मागतो, की जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतूनही मिळाव्यात. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांतच हे आहे. ही मागणी न्याय्य आहे. जे कळत नाही त्यावर माणसाला अंगठा उठवायला लावू नये, हे तिचं मूळ. मग तुमच्या काउंटरवर कन्नड शेतकरी उभा असतो, हातात विषाची बाटली असते, आणि तिचं माप त्याला न कळणाऱ्या भाषेत सांगितलं जातं, तेव्हा तोच न्याय त्याला लागू होत नाही का? मित्रांना हे असंच विचारा. दुकानात कन्नड बोलल्यानं तुमची मराठी कमी होत नाही. घरात, सभेत, मुलांच्या शाळेच्या निवडीत ती राखायला भरपूर जागा आहे.

आता काउंटरवरचं काम. 'समजलं का?' हा प्रश्न बंद करा. त्याला सगळे हो म्हणतात, तुम्हीही वर्गात म्हणत होता. त्याऐवजी म्हणा, 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर कसं कालवणार, सांगा बघू.' परीक्षा स्वतःची आहे असं दाखवलंत की म्हातारा माणूसही लाजत नाही. तो 'दोन टोपणं' म्हणाला की तिथंच थांबवा, कारण प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळ्या मापाचं असतं. मापाचा छोटा पेला किंवा बिनसुईची १० मिलीची सिरिंज बाटलीबरोबर द्या. सिरिंजवर साडेसातच्या खुणेला मार्करनं रेघ ओढून द्या आणि ही फक्त या औषधासाठी ठेवायची हे सांगा. ती रेघ कुठल्याही भाषेत वाचता येते. तसाच लेबलवरचा रंगीत त्रिकोण. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. तो बोटानं दाखवायचा आणि हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याची दिशा, हे त्या रंगाबरोबर सांगायचं. खोक्यावर जाड अक्षरात तीनच गोष्टी लिहा: पंपाला किती, किती पंप, किती दिवसांनी तोडायचं. वाचता न येणाऱ्यालाही त्या आकड्यांवर तुमच्यासमोर एकदा बोट ठेवू दे.

आणखी एक, जे मला तुमच्या पत्रात कुठंच दिसलं नाही. दुकानात आलेला माणूस आणि फवारणारा माणूस पुष्कळदा वेगळे असतात. बाटली मालक नेतो, पंप गड्याच्या पाठीवर असतो, पाणी घरची बाई आणून देते. तुम्ही ज्याला सांगितलं तो घरी जाऊन आठवेल तेवढं सांगतो. म्हणून 'फवारणार कोण?' हे विचारून घ्या. मालकाच्या फोनवर अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा, गड्याच्या भाषेत. तो हिंदी बोलणारा असला तर हिंदीत, आपल्याकडं बाजारात बोलतात त्या साध्या हिंदीत. सांगायचं त्याला आहे, मालक फक्त निरोप्या आहे, हे ध्यानात ठेवलंत की तुमची वाक्यं आपोआप लहान होतील.

कंपनीच्या साहेबांपुढं तोंड बंद होतं, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. त्यांना तुमचं इंग्रजी ऐकायचं नाही. यंदा कुठल्या गावात कुठली कीड आधी दिसली, कोणतं औषध परत आलं, शेतकरी काय म्हणाले, हे त्यांना कुणीच सांगत नाही आणि तुम्ही सांगू शकता. ते आदल्या रात्री वहीत लिहून ठेवा, समोर वही उघडा आणि हिंदी-इंग्रजी जे येईल त्यात वाचून दाखवा.

मेळाव्याला मात्र तयारी लागेल. एक वाक्य मराठीत, तेच कन्नडमध्ये, असं आलटून पालटून बोलू नका. दोन्हीकडची माणसं आपलं नसलेलं वाक्य आलं की शेजाऱ्याशी बोलू लागतात आणि परत जुळत नाहीत. बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, तुमच्या होबळीला, म्हणजे तालुक्यातल्या महसुली मंडळाला, कृषी खात्याचं रयत संपर्क केंद्र आहे. तिथल्या एखाद्या कन्नड बोलणाऱ्या माणसाला बरोबर घ्या, म्हणजे कन्नड बाजू त्यांच्यावर सोपवता येईल. आणि भाषण कमीच करा. व्यासपीठावर १५ लिटरचा पंप, पाण्याची बादली आणि औषधासाठी कधीच न वापरलेली, रंगीत पाणी भरलेली बाटली ठेवा. गर्दीतून एक मराठी आणि एक कन्नड शेतकरी वर बोलवा. दोघांना एकच बाटली, एकच लेबल द्या आणि पंप भरायला सांगा. दोघांची मापं लोकांसमोर मोजा. चुकतील, आणि लोक पुढं सरकून बघतील. मग बरोबर माप तुम्ही भरून दाखवा. एवढंच करून खाली बसलात तरी चालेल. बायका मागच्या बाजूला बसल्या असतील तर कार्यक्रम सुरू होण्याआधी त्यांना पुढं बोलवा. भाजीची तोडणी त्यांच्याच हातात असते, आणि दिवस मोजायचे कुणी, तर त्यांनीच. शेवटी प्रश्न माइकवर घेऊ नका. माइकवर फक्त बोलके लोक बोलतात. पंपाजवळ उभे राहा, बाकीचे तिथं येऊन हळूच विचारतील. ज्याचं उत्तर तुम्हाला येणार नाही, त्याला किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर द्या. तो फुकट आहे, आणि तिथं शेतकऱ्याला आपल्या भाषेत विचारता येतं.

अण्णांशी बोलायचं ते गिऱ्हाइकांसमोर नको, आणि 'तुम्ही खोटं सांगता' अशा शब्दांत तर नकोच. तुमच्यासाठी जी रीत सुचवली तीच इथं वापरा. अण्णाही एक श्रोतेच आहेत. दुकान बंद करताना, हिशेब झाल्यावर, आधी विचारा: 'त्या भाजीवाल्याला उद्या तोड म्हणालात, ते कशावरून?' कदाचित ते म्हणतील, त्यानं दिलेला डोस कमी होता. कदाचित म्हणतील, नाही म्हटलं तर तो समोरच्या दुकानात जाईल. दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत, म्हणून आधी ऐका. तुम्ही लिहिलंय, की अण्णांनी रविवारच्या रविवार जाऊन विक्रेत्यांचा 'देसी' हा वर्षभराचा अभ्यासक्रम केलाय. म्हणजे नियम त्यांना ठाऊक आहे, अडलंय ते गिऱ्हाइकाला नाही म्हणण्यापाशी. तिथं तुम्ही उपयोगी पडू शकता. ज्यांना दोन दिवसांत तोडणी करायचीच आहे त्यांच्यासाठी थांबण्याचा काळ कमी असलेली औषधं कोणती, त्यांची यादी लेबलं बघून तयार करा आणि काउंटरच्या काचेखाली लावा. अण्णांच्या हातात नाही म्हणण्याऐवजी दुसरी बाटली आली, तर गिऱ्हाईकही राहील आणि आकडाही.

आणि आजोबा. ते आले की तुम्ही गोदामात जाता, हे आजपासून थांबवा. या आठवड्यातच त्यांच्या गावाला जा, बाजाराच्या दिवशी नको, त्यांना सवड असेल तेव्हा. अण्णांना नेऊ नका, नाहीतर सगळं बोलणं त्या दोघांचंच होईल. 'मी काय सांगितलं होतं' यानं सुरुवात करू नका. 'तुम्हाला काय ऐकू आलं होतं' ते विचारा आणि शेवटपर्यंत ऐकून घ्या, कन्नड अर्धवट कळलं तरी. मग वावरात जाऊन बघा, किती झाडं फुटतायत आणि किती गेली. बियाण्याचे किंवा रोपांचे पैसे दुकानानं सोसायचे का, किती सोसायचे, हे निघण्याआधी अण्णांशी ठरवून जा, म्हणजे तिथं उभ्या उभ्या शब्द द्यावा लागणार नाही. आणि जाताना रेघ ओढलेली सिरिंज बरोबर न्या. फवारायला कुणाला तरी तिची गरज पडेलच.